दरडोई म्हणजे कुणाची डोई?

अर्थशास्त्राचे मास्तर फळ्यावर नावं लिहितात. कतार. कुवेत. अमिरात. पुढं दरडोई उत्पन्नाचे आकडे, डॉलरात. पोरं तोंडात बोट घालतात. मास्तर म्हणतात, ह्याला म्हणायचं विकास. तेलानं वाळवंटाचं सोनं केलं. मला मागच्या बाकावरून एवढंच विचारायचंय : मास्तर, दरडोई म्हणजे कुणाची डोई?

कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या घरात. त्यात कतारचे नागरिक दहात एक, फार तर थोडे जास्त. बाकीचे नेपाळचे, बांगलादेशचे, केरळचे, बिहारचे, इजिप्तचे, फिलिपाइन्सचे, आपल्या कोकणातलेही. देशाच्या कमाईला सगळ्या डोयांनी भागलं की सरासरी निघते. म्हणजे भागाकारात मजुराची डोई धरतात. वाटपाच्या वेळी तीच डोई गळते. असलं गणित आम्हांला नवं नाय.

तेलाला दोष देऊ नका. तेल मुकं. १९३३ साली सौदीच्या राजानं कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीला जमीन खणायचा परवाना दिला, पस्तीस हजार सोन्याचे पौंड मोजून घेतले. १९३८ साली दम्माममधली सातव्या क्रमांकाची विहीर लागली. आणि शेजारी धहरानला काय उभं राहिलं? गावकूस. अमेरिकनांची वसाहत वेगळी : हिरवळ, पोहायचा तलाव, थंड हवेची घरं. मधल्या छावणीत इटालियन, हिंदी, पाकिस्तानी. आणि ज्यांच्या जमिनीतून तेल निघतं ते सौदी मजूर झावळ्यांच्या झोपड्यांत. अमेरिकनांच्या सिनेमाघरात त्यांना मज्जाव. पगार चामडी बघून. कोण म्हणतो जातीची उतरंड फक्त आपल्याकडंच रचतात?

ह्याच मजुरांनी १९५३ च्या ऑक्टोबरात हत्यार खाली ठेवलं. तेरा हजारांच्या आसपास माणूस कामावर गेला नाही. पुढाऱ्यांना आधीच तुरुंगात टाकलं होतं, म्हणून संप. थोडा पगार वाढला, थोडी घरं मिळाली. १९५६ साली पुन्हा उठले. राजानं फर्मान काढलं : संप हा गुन्हा. विकासाच्या पुस्तकांत विहिरीचा क्रमांक असतो. तेरा हजारांना मात्र तळटीपसुद्धा मिळत नाही.

मग तेल कंपन्यांच्या हातून काढून घेतलं. अल्जीरियानं १९७१ ला, इराकनं १९७२ ला, कुवेतनं १९७५ ला, सौदीनं हप्त्याहप्त्यानं १९८० पर्यंत. ह्याला आमचा सलाम आहे. गोऱ्यांच्या घशातून घास काढणं सोपं नव्हतं. १९७३ च्या युद्धानंतर तीन डॉलरचं पिंप चार महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. शाळा झाल्या, इस्पितळं झाली, बाळं जगू लागली. खोटं कशाला बोलू. कुवेतनं तर १९७६ पासून दरवर्षी उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला टाकायला सुरुवात केली. पण पुढची पिढी कुणाची? त्याच कुवेतात ‘बिदून’ राहतात. बिदून म्हणजे विना, कागदाविना. एक लाखाच्या आसपास माणसं, त्यातली कितीतरी तिथंच जन्मलेली, आणि देश म्हणतो तुम्ही आमचे नव्हेत.

कारण उघड आहे. जमिनीचं भाडं खाणाऱ्या सरकारला रयतेचा कर लागत नाही. कर नाही म्हणून जाब नाही. आणि घाम बाहेरून भाड्यानं आणता येतो. त्या भाडेचिठ्ठीचं नाव कफाला. मालक तोच जामीनदार. तो म्हणेल तेव्हा यायचं, तो म्हणेल तेव्हा जायचं. आमच्या चाळीतला एक वेल्डर बायकोचे डाग मोडून, एजंटाला पैसे चारून तिकडं गेला. उतरल्या उतरल्या पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात. करारात लिहिलेला पगार एक, हातात पडलेला दुसरा. ही एकट्याची कहाणी नव्हे. कतारनं मालकाच्या ना-हरकतीची अट २०२० साली काढली, जगाचा चेंडू २०२२ ला तिथं यायचा होता म्हणून. सौदीच्या २००५ च्या कामगार कायद्यात तर घरात राबणारी बाई बसतच नाही. भांडी घासणं, म्हातारी माणसं धुणं, हे काम नव्हेच जणू.

हे वाचून काहीजण गालात हसतील. म्हणतील, बघा, मुसलमानांचे देश असलेच. थांबा जरा. मजुराला तिकडं विकणारा एजंट मुंबईतच बसतो, आणि त्याचा धर्म तपासत बसाल तर सगळे सापडतील. दलालीला देव लागत नाही.

आणि नागरिक म्हणून कागद हातात असला तरी काय? बसऱ्याला चला. इराकचं बहुतेक तेल ह्या जिल्ह्यातून निघतं. रात्री विहिरींवर वायू जळतो, आभाळ तांबडं होतं. २०१८ च्या उन्हाळ्यात ह्याच बसऱ्यातल्या नळाला खारं, घाण पाणी आलं. एक लाख अठरा हजारांवर माणसं इस्पितळात गेली. लोक रस्त्यावर आले, पाणी मागायला. गोळ्या मिळाल्या.

त्या बसऱ्यातही एक तळ आहे. काळे इराकी. हजारेक वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज त्यांच्यात आहेत. नवव्या शतकात तिथल्या गुलामांनी खलिफाशी चौदा वर्षं झुंज दिली होती. आजही त्यांना तोंडावर ‘अब्द’ म्हणतात. अब्द म्हणजे गुलाम. जलाल दियाब नावाचा त्यांचा पुढारी मागत होता : आम्हांला अल्पसंख्य म्हणून माना, जागा द्या, हा शब्द बंद करा. २०१३ च्या एप्रिलात त्याला बसऱ्यात गोळ्या घालून मारलं. त्या महिन्यात तेलाचं पिंप शंभर डॉलरच्या आसपास विकत होतं.