एअर-फायबरचं इंटरनेट संध्याकाळीच का रखडतं? दोष राउटरचा, गच्चीवरच्या डब्याचा की टॉवरचा?

रात्री साडेआठ वाजता ऑनलाइन क्लास सुरू असतो आणि शिक्षकांचा चेहरा स्क्रीनवर गोठतो. राउटर बंद करून सुरू केला की दहा मिनिटं बरं चालतं, मग पुन्हा तेच. कस्टमर केअरला फोन केला तर तिकडूनही 'राउटर रिस्टार्ट करून पाहा' हेच उत्तर मिळतं. वायरलेस होम ब्रॉडबँड घेतलेल्या अनेक घरांत हे रोजचं झालं आहे.

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्यानंतर वर्षभराच्या आत, ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने दिल्ली आणि मुंबईत 'एक्स्ट्रीम एअरफायबर' आणलं. १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, जिओने मुंबई-पुण्यासह आठ शहरांत 'जिओ एअरफायबर' सुरू केलं. जून २०२५ अखेर आपले असे ७४ लाख ग्राहक झाले आहेत आणि या प्रकारच्या सेवेत आपण जगात पहिले आहोत, असा जिओचा दावा होता. म्हणजे हा आता मोजक्या हौशी लोकांचा विषय राहिलेला नाही. जिथे केबलवाला पोहोचत नाही, सोसायटी खोदकामाला परवानगी देत नाही किंवा भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही, अशा घरांची नोकरी आणि अभ्यास आता या जोडणीवर अवलंबून आहे.

नावात फायबर, प्रत्यक्षात काय?

सगळ्या गोंधळाची सुरुवात नावापासून होते. 'एअर-फायबर' म्हटलं की घरापर्यंत फायबर आलं असं वाटतं. प्रत्यक्षात टॉवरपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा हवेतूनच येतो. तांत्रिक भाषेत याला 'फिक्स्ड वायरलेस ॲक्सेस' म्हणतात. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक चपटा डबा बसवतात, तो टॉवरकडून ५जी सिग्नल घेतो, केबलने घरातल्या राउटरला देतो आणि राउटर घरभर वायफाय पसरवतो. काही जोडण्यांत बाहेरचा डबा नसतोच, खिडकीजवळ ठेवलेलं एकच यंत्र दोन्ही कामं करतं. याशिवाय काही ठिकाणी ५जीऐवजी परवानामुक्त ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातून इमारतीपर्यंत दुवा जोडला जातो, पण ग्राहकाला हा फरक सहसा सांगितला जात नाही.

म्हणजे इंटरनेटला एकूण चार टप्पे पार करावे लागतात: टॉवर, टॉवर ते डबा, डबा ते राउटर, आणि राउटर ते मोबाइल. 'सिग्नल वीक आहे' ही तक्रार यातल्या कोणत्याही टप्प्याची असू शकते. मोबाइलवर दिसणाऱ्या वायफायच्या कांड्या मात्र फक्त शेवटच्या टप्प्याबद्दल बोलतात. त्या पूर्ण भरलेल्या असूनही इंटरनेट मेलेलं असू शकतं, आणि लोक नेमके इथेच फसतात.

आधी घरातला दोष वेगळा काढायचा

सर्वात उपयोगी चाचणी साधी आहे. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडायचा, बाकी सगळी उपकरणं बंद करायची आणि स्पीड तपासायचा. तारेवर स्पीड चांगला आणि बेडरूममध्ये वाईट, तर कंपनीच्या टॉवरला दोष देण्यात अर्थ नाही, अडचण घरातल्या वायफायची आहे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा भिंती ओलांडतो, पण शेजारपाजारच्या सगळ्या राउटरची त्याच पट्ट्यात गर्दी असते. एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तिथे तीनच: १, ६ आणि ११. वीस फ्लॅटच्या विंगमध्ये काय होत असेल याचा अंदाज करता येतो. ५ गिगाहर्ट्झ पट्टा वेगवान असतो, पण एक-दोन काँक्रीटच्या भिंतींत दमतो. राउटर टीव्हीच्या कपाटात, फ्रिजच्या मागे किंवा देवघराच्या संगमरवरी कोनाड्याखाली ठेवला असेल तर तो फक्त बाहेर काढून उंचावर ठेवल्यानेही फरक पडतो.

तारेवर जोडूनही स्पीड कमी असेल तर आकड्याकडे नीट पाहायचं. ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून स्पीड दर वेळी ९४-९५ च्या आसपासच अडकत असेल, तर संशय सिग्नलवर नको, केबलवर घ्यायचा. गच्चीवरून येणाऱ्या लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. त्यातली एक तुटली किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरून गंजली की जोडणी आपोआप १०० एमबीपीएसवर उतरते. हीच केबल डब्याला वीजही पुरवते. त्यामुळे पावसाळ्यात दर तासाला जोडणी तुटून पुन्हा येत असेल तर आधी कनेक्टर आणि ॲडॉप्टर तपासून घ्यावा. उंदराने कुरतडलेल्या केबलसाठी टॉवरची दिशा बदलत बसणारे तंत्रज्ञही आहेत!

डेसिबलचा हिशेब

आता मुख्य मुद्दा, टॉवर ते डबा. इथल्या सिग्नलची ताकद 'आरएसआरपी' या आकड्यात मोजतात आणि तो नेहमी उणे असतो. ढोबळमानाने उणे ८० किंवा त्याहून वरचा आकडा उत्तम, उणे ९० पर्यंत चांगला, उणे १०० पर्यंत चालण्यासारखा आणि त्याखाली गेला की अडचण. हे माप सरळ रेषेत चालत नाही. दर १० डेसिबलला ताकद दहापट बदलते. उणे ८५ आणि उणे १०५ हे आकडे ऐकायला जवळचे वाटतात, पण दुसऱ्या ठिकाणी पोहोचणारा सिग्नल पहिल्याच्या शंभराव्या भागाइतकाच असतो. जाड काँक्रीटची एक भिंत एवढा घास सहज घेऊ शकते. म्हणून घरातला डबा हॉलच्या आतल्या कोपऱ्यातून टॉवरकडच्या खिडकीत सरकवणं हा बिनखर्चाचा सर्वात मोठा उपाय ठरतो.

दुसरा आकडा 'एसआयएनआर', म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे. वीसच्या वर असेल तर उत्तम. शून्याच्या खाली गेला तर ताकद कितीही असो, वेग मिळत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये समोरचा मोठ्याने बोलतोय, पण बाजूला बँजो वाजतोय, तशी ही स्थिती. शहरात हे नेहमी घडतं, कारण डब्यासमोर दोन टॉवर किंवा एकाच टॉवरचे दोन सेक्टर येतात. अशा वेळी डबा थोडा फिरवून ताकद दोन-तीन डेसिबलने कमी झाली तरी चालते, स्वच्छता वाढली की स्पीड वाढतो. नुसत्या कांड्या पाहून डबा बसवणाऱ्याला हे कळणं शक्य नाही.

हे आकडे काही राउटरच्या सेटिंग पानावर किंवा कंपनीच्या ॲपवर दिसतात, अनेकांत ग्राहकासाठी बंद ठेवलेले असतात. अशा वेळी त्याच कंपनीचं ५जी सिम असलेला अँड्रॉइड फोन घेऊन डब्याशेजारी उभं राहता येतं. बऱ्याच फोनमध्ये 'अबाउट फोन'मधल्या सिमच्या माहितीत सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये दिसते. डब्याचा अँटेना फोनपेक्षा चांगला असतो, शिवाय फोन वेगळ्या पट्ट्यावर असू शकतो, त्यामुळे हा आकडा फक्त अंदाजापुरता. पण गच्चीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात किती फरक पडतो हे त्यातून नक्की कळतं. टॉवर कुठे आहेत हे पाहायला दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' पोर्टल आहे.

एप्रिलमध्ये छान, जुलैमध्ये वाईट

उन्हाळ्यात बसवलेली जोडणी पावसाळ्यात बिघडते, ही तक्रार बरेचदा खरी असते, पण कारण वेगळंच निघतं. भारतातलं बहुतांश ५जी ज्या ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं, त्यावर पावसाच्या सरींचा परिणाम फारसा होत नाही. २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मात्र जोरदार पावसाचा चांगलाच परिणाम होतो. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास खरा अडथळा असतो तो झाडांचा. एप्रिलमध्ये निष्पर्ण असलेलं झाड जुलैत पानांनी भरतं आणि ओली पानं सिग्नल शोषतात.

त्याहून अस्सल आपल्याकडचं कारण म्हणजे गच्चीवरची पत्र्याची शेड. गळती थांबावी म्हणून सोसायटी मे महिन्यात गच्चीवर पत्रे टाकते आणि भिंतीला लावलेला डबा पत्र्याखाली झाकला जातो. पाण्याची नवी टाकी, सोलरचे पॅनल, समोरच्या जुन्या चाळीच्या जागी पुनर्विकासात उभी राहिलेली वीस मजली इमारत, यातलं काहीही डबा आणि टॉवर यांच्या मध्ये आलं की जोडणी ढासळते. कोकणात आणि सह्याद्रीच्या खोऱ्यांत तर मध्ये डोंगराची सोंड आली की विषयच संपतो.

काही जागी अडचण नियमातूनही आली. विमानांच्या उंचीमापक यंत्रांना बाधा होऊ नये म्हणून दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना निर्देश दिले होते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झची केंद्रं उभारू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. अशा परिसरातल्या घराने डबा कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

सिग्नल भक्कम, तरी रात्री स्पीड नाही

हे सगळं तपासून आकडे चांगले आले आणि तरीही सकाळी सहाला २०० एमबीपीएस, रात्री नऊला २० अशी स्थिती असेल तर दोष घरात शोधू नये. टॉवरचा एक सेक्टर त्या दिशेतल्या सगळ्या मोबाइल आणि सगळ्या एअर-फायबर घरांमध्ये वाटला जातो. त्यात होम ब्रॉडबँडचं घर म्हणजे मोठं गिऱ्हाईक. भारतातला असा ग्राहक सरासरी मोबाइल ग्राहकाच्या सुमारे बारा पट डेटा वापरतो, असं नोकियाच्या वार्षिक अहवालात नोंदवलं आहे. म्हणजे एका सेक्टरवर पन्नास नवी घरं जोडली तर टॉवरच्या दृष्टीने ती सहाशे मोबाइलसारखी असतात. फायबरमध्येही वाटणी असते, पण तिथे क्षमता वाढवणं तुलनेने सोपं. स्पेक्ट्रम मात्र मर्यादित.

या टप्प्यावर ग्राहकाच्या हातात फक्त पुरावा गोळा करणं असतं. तीन-चार दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री, तारेवर जोडलेल्या लॅपटॉपवरून स्पीड तपासून स्क्रीनशॉट ठेवायचे. फरक तासाप्रमाणे पडतो की हवामानाप्रमाणे, एवढं कळलं तरी तंत्रज्ञाला टाळाटाळ करता येत नाही.

एक धोका मात्र टाळायला हवा. बाजारात मिळणारे 'मोबाइल सिग्नल बूस्टर' परवानगीशिवाय बसवणं बेकायदेशीर आहे आणि ते आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवतात. घरातल्या वायफायसाठी मेश किंवा एक्स्टेंडर लावायला हरकत नाही. पण मूळ सिग्नलच कमकुवत असेल तर मेश तोच रडका वेग घरभर पोहोचवतो.

जबाबदारी कोणाची?

इथे खरी मेख आहे. जानेवारी २०२३ पासून भारतात ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएस आहे. आधी ती ५१२ केबीपीएस होती. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये २० मिळत असतील तर कागदावर ते 'ब्रॉडबँड' ठरतंच, शिवाय जाहिरातीत 'अप टू' हे दोन शब्द असतात. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम आणले. कंपन्यांनी आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर द्यावेत आणि जिल्हा पातळीवर २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर भरपाई द्यावी, या त्यातल्या चांगल्या तरतुदी. पण एका घराची जोडणी रोज रात्री रखडते, ही तक्रार त्या जिल्ह्याच्या हिशेबात कुठेच बसत नाही. ट्रायच्या मासिक अहवालात ५जी फिक्स्ड वायरलेस हे वायरलेस गटात मोजलं जातं. ग्राहक मात्र पैसे घरच्या ब्रॉडबँडचे भरतो आणि अपेक्षाही तारेच्या जोडणीचीच ठेवतो.

उपाय फार अवघड नाही. जोडणी बसवताना तंत्रज्ञाच्या मोबाइलवर दोन्ही आकडे दिसत असतात. ते इन्स्टॉलेशनच्या पावतीवर लिहून ग्राहकाला दिले तर तीन महिन्यांनी वाद उरणार नाही: तेव्हा उणे ८४ होतं, आज उणे १०३ आहे, मध्ये काय आलं ते शोधा. तसं बंधन आज नाही, पण बसवून घेताना हे आकडे विचारून त्यांचा फोटो काढून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. सिग्नल मुळातच उणे १०५ असेल तर त्याच वेळी डब्याची जागा बदलायला सांगता येतं किंवा जोडणी नाकारता येते. डिपॉझिट भरून सहा महिन्यांचा प्लॅन घेतल्यावर ही मोकळीक राहत नाही, म्हणून पहिल्यांदा शक्य तो लहान मुदतीचा प्लॅन बरा.

तक्रार फोनवर केली तरी डॉकेट नंबर घेणं आवश्यक आहे. समाधान झालं नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागणं अपेक्षित असतं. त्यापुढे ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. तिथे वेळेनुसार काढलेले ते स्क्रीनशॉट आणि पहिल्या दिवशीचा फोटो उपयोगी पडतो.