नंबर जिंतूरचा, माणूस हिंजवडीचा

तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडा आणि ९४२२ ने सुरू होणारे नंबर मोजा. मामा, काका, शाळेतले सर, गावाकडचे डॉक्टर... दोन-चार तरी निघतीलच. मराठवाड्यात एकेकाळी या चार आकड्यांना वजन होतं. ९४२२ म्हणजे बीएसएनएल, महाराष्ट्र सर्कल. नंबर ऐकला की कंपनी कळायची, मुलूख कळायचा. आज तोच नंबर भलत्याच कंपनीच्या सिमवर हिंजवडीतल्या क्यूबिकलमध्ये वाजत असतो. यामागे काय भानगड आहे, कधी विचार केलाय?

जुना फोन हा भिंतीचा होता, बॉस. जिंतूरचा एसटीडी कोड ०२४५७. तो फिरवला की कॉल जिंतूरच्या एक्स्चेंजला आणि तिथून वायरीने एका ठराविक घरात. फोन घराला लागायचा, माणसाला नाही. माणूस घरात असला तर ठीक, नाहीतर 'शेतात गेलेत, रात्री लावा'. नंबर हाच पत्ता!

मग टेलिफोनवाल्यांनी एक साधी पण जबरी आयडिया लढवली. नंबर आणि पत्ता यांची फारकतच करून टाकली. सगळं काही एक्स्चेंजला ठाऊक असायची गरज नाही. त्याने कॉल क्षणभर थांबवायचा, एका मध्यवर्ती डेटाबेसला विचारायचं, 'याचं काय करू?' आणि उत्तर येईल तसं वागायचं. याचं भारदस्त नाव इंटेलिजंट नेटवर्क. १८०० वाले टोल-फ्री नंबर हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं पोर. १८०० कोडाचं गाव नकाशात शोधून सापडणार नाही. दर वेळी मागचा खरा नंबर शोधून कॉल जोडला जातो आणि बिल कंपनीच्या माथी. प्रीपेडवर तुम्ही गप्पा मारत असताना गुपचूप बॅलन्स कापणारा तो कारकून? तोही याच घराण्यातला.

मोबाइलने ही आयडिया पार खिशात आणून ठेवली. तुमच्या कंपनीकडे एक रजिस्टर असतं, होम लोकेशन रजिस्टर. तुम्ही जिंतूरहून रातराणीने निघता, डुलकी काढता, पण खिशातला फोन मात्र रस्ताभर हजेरी लावत असतो. एका भागातून दुसऱ्या भागात गेलात की रजिस्टरमधली नोंद बदलते. सकाळी 'पोचलास का रे?' विचारायला आई फोन लावते, तेव्हा नेटवर्क आधी रजिस्टर बघतं आणि मग तुम्हाला गाठतं. जिंतूरला आता कुणी विचारतच नाही.

अर्थात सरकारी नकाशाने मध्ये मध्ये काड्या केल्याच. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे, पण मुंबई नाही. म्हणजे जिंतूरचं सिम पणजीत घरचं आणि दादरला परकं! मुंबईला नोकरी लागलेल्या पोराला आईचा फोन घ्यायलासुद्धा रोमिंगचे पैसे पडायचे. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं, तेव्हा कुठे हे प्रकरण सैल व्हायला लागलं.

आणि पोर्टेबिलिटी. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरुवात, २० जानेवारी २०११ ला देशभर, आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच. आता कॉल करणाऱ्याची कंपनी आधी डेटाबेसमध्ये बघते की हा नंबर सध्या कुणाकडे नांदतोय. ९४२२ वरून आता फक्त एवढंच कळतं, की नंबर मूळचा कुठला.

इथवर सगळं झकास. पण नंबर माणसाला असा चिकटला, की माणसाचं सगळंच त्या नंबरला चिकटलं. बँक, आधार, पीएम-किसानची ई-केवायसी, यूपीआय. सगळ्यांचा ओटीपी त्याच दहा आकड्यांवर. आणि हा नंबर तुमच्या मालकीचा नाही, हे लक्षात आहे ना? रिचार्ज बरेच दिवस थांबलं की तो बंद होतो. ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं, की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर? खुशाल देतात. कोर्टाचं म्हणणं, आपला डेटा जपायची काळजी आधीच्या ग्राहकानेच घ्यावी.

तुम्ही आम्ही घेऊ हो. पण गावाकडे बाबांचा जुना, फक्त इनकमिंगसाठी ठेवलेला फोन? 'मला कोण फोन करतंय' म्हणत ते रिचार्ज टाळतात. मात्र बँकेच्या खात्याला नंबर तोच जोडलेला असतो. वर सिम कितीदा पुण्यातल्या पोराच्या नाहीतर कुठल्या तरी भाच्याच्या नावावर.

तेव्हा पुढच्या वेळी गावी गेलात की बाबांचा फोन पाच मिनिटं मागून घ्या. व्हॅलिडिटी कधी संपतेय ते बघा. आपल्या नावावर किती कनेक्शन्स आहेत, हे संचार साथी पोर्टलवर ओटीपी टाकून कळतं. मे २०२३ पासून ही सोय आहे. आणि रेंजच येत नसेल तर नवा नंबर घेऊ नका. पोर्ट लिहून एक स्पेस, मग नंबर, आणि एसएमएस १९०० वर. कोड येतो, तो चारच दिवस चालतो, म्हणून सुट्टीच्या पहिल्याच दिवशी पाठवा.