माहितीपत्रकाला भुलू नका, विद्यापीठ पारखून घ्या!

निकालाचे दिवस आले की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या रस्त्यांवर फलक झळकू लागतात. 'शंभर टक्के प्लेसमेंट', 'आंतरराष्ट्रीय दर्जाचे शिक्षण', 'मोजक्याच जागा शिल्लक'! अलीकडे या फलकांवर मार्केटिंग, जाहिरात आणि जनसंपर्क हे शब्द ठळकपणे दिसतात. आमच्या वस्तीतला बी.कॉम. झालेला एक मुलगा असेच एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन घरी आला. सोबत बाप होता, बाजार समितीत हमाली करणारा. "काका, मार्केटिंगच करायचंय, पण विद्यापीठ कोणतं घेऊ?" मुलाने विचारले. दोन वर्षांची फी ऐकून बाप बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "तुकडाभर जमीन आहे, ती काढतो."

त्या बापाची जमीन वाचावी आणि मुलाचे शिक्षणही व्हावे, यासाठी हा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मार्केटिंग, जनसंपर्क हे आपले क्षेत्र नव्हे, आपण सरकारी नोकरीच धरावी, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, अशी नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. जाहिरात कोणाच्या हाती असते, यावर कोणाचा आवाज लोकांपर्यंत पोहोचतो हे ठरते. शंभर वर्षांनी चित्र किती बदलले? २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी वृत्तमाध्यमांची पाहणी केली. तपासलेल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते, अनुसूचित जाती-जमातींचे कोणीही नव्हते. ही पाहणी वृत्तमाध्यमांची होती हे खरे. पण जाहिरात आणि जनसंपर्काच्या कचेऱ्यांत आपली किती मुले दिसतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आपल्या तालुक्यांचेच उदाहरण घ्या. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींनी आणि यवनांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या किती भाविकांना कळते की आपण एका बौद्ध विहारात उभे आहोत? २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. मग या वारशाची ओळख जगाला कोण करून देणार? आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले आदिवासी हिरडा गोळा करतात. त्याला नाव आणि बाजार कोण मिळवून देणार? नारायणगावच्या विठाबाईंच्या कलेला राष्ट्रपती पदक मिळाले, पण कलावंतांची वस्ती उपेक्षितच राहिली. ही सारी कामे जनसंपर्काची आणि मार्केटिंगचीच आहेत. ती आपल्या मुलांनी का करू नयेत?

जरूर करावीत! पण विद्यापीठ निवडताना एक लक्षात ठेवावे. जे शास्त्र शिकायला आपण जातो, तेच शास्त्र संस्था आपल्यावर वापरत असते. आयआयपीएम या संस्थेने आयआयएमच्याही पलीकडचा विचार करा, अशा पानभर जाहिराती वर्षानुवर्षे केल्या. अखेर २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिला एमबीए, बीबीए हे शब्द वापरण्यास मनाई केली. पण ज्यांनी लाखो रुपये भरले होते, त्या पालकांचे काय?

म्हणून चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. पहिला, या पदवीला यूजीसीची, व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम असेल तर एआयसीटीईची, मान्यता आहे काय? दुसरा, राखीव जागा किती? २००५ च्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विनाअनुदानित खाजगी संस्थांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्यानंतर ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आले आणि कायदा करण्याचा मार्ग मोकळा झाला. पण मार्ग मोकळा होणे आणि प्रत्येक संस्थेत आपल्याला जागा मिळणे यात अंतर आहे. तिसरा, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप या अभ्यासक्रमाला लागू आहे काय? व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेऊन ती मिळेलच, असे गृहीत धरू नका. चौथा, सर्वांत मोठा पगार सांगू नका, मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाला ते सांगा!

माझे मत विचाराल तर पहिली पसंती सरकारी विद्यापीठाला द्यावी. जुन्नर-आंबेगावची महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठालाच जोडलेली आहेत. मार्केटिंगसाठी याच विद्यापीठाचा १९७१ पासूनचा व्यवस्थापन विभाग, म्हणजे 'पुम्बा', आहे. त्यासाठी राज्याची एमबीए सीईटी द्यावी. माध्यमांचे शिक्षण फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मिळते. जाहिरात व जनसंपर्काचाच ध्यास असेल तर दिल्लीची आयआयएमसी आहे. १९६५ साली केंद्र सरकारने काढलेली ही संस्था आता अभिमत विद्यापीठ आहे. जातप्रमाणपत्र आणि जात पडताळणीचे कागद मात्र निकालाआधीच तयार ठेवा. वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांनी स्वयम् योजनेची चौकशी घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात करावी.

खाजगी संस्थांत कंपन्यांच्या ओळखी जास्त, इंग्रजीचा सराव जास्त, हे मी नाकारत नाही. लवळ्याच्या सिम्बायोसिससारख्या संस्थेचे नाव बाजारात चालते. जागा आणि आर्थिक मदत दोन्ही मिळत असतील तर जरूर जावे. पण इंग्रजी जिद्दीने शिकता येते, विकलेली जमीन मात्र परत येत नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती हा उपकार नाही, हक्क आहे. तो आधी मागावा.

तो मुलगा आता सीईटीची तयारी करतो आहे. माहितीपत्रक अजून त्याच्याकडे आहे. त्यातले कोणते वाक्य खरे आणि कोणते नुसते आकर्षक, हे तो पेन्सिलीने खुणा करून शोधतो. मार्केटिंगचा पहिला धडा त्याने फी न भरताच गिरवला. आपल्या प्रत्येक वस्तीत असा धडा गिरवला जावा.

जयभीम!