झाकल्या मुठीचा व्यापार

गुपित सांभाळणे हाच ज्याचा धंदा, त्याच्या दुकानातून गुपितांची वहीच चोरीला गेली तर ते दुकान चालेल काय? कोणीही व्यवहारी मनुष्य म्हणेल की, दुसऱ्याच दिवशी त्याला टाळे लागेल. कॅनडातील टोरांटोच्या ‘ॲशले मॅडिसन’ने हा अंदाज खोटा ठरविला आहे. विवाहितांना विवाहाबाहेरचे संबंध जुळवून देणारे हे संकेतस्थळ. त्याच्या व्यवसायाची भलामण आम्ही करणार नाही. परंतु ते तगले कसे, हे मात्र नीट पाहण्यासारखे आहे.

जुलै २०१५ मध्ये ‘इम्पॅक्ट टीम’ असे नाव घेतलेल्या टोळीने कंपनीला धमकावले : संकेतस्थळ बंद करा, नाहीतर सारी माहिती उघड करू. कंपनी बधली नाही. ऑगस्टमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांचा तपशील चव्हाट्यावर आला. त्याबरोबर कंपनीचे पितळही उघडे पडले. खाते कायमचे पुसून टाकण्यासाठी ती १९ डॉलर घेत असे. पैसे घेतले, पण माहिती तिच्याकडे राहिलीच. ज्या स्त्रियांशी ग्राहक गुजगोष्टी करीत होते, त्यांतील कित्येक अस्तित्वातच नव्हत्या. ती कंपनीने रचलेली बनावट खाती होती. सुरक्षिततेबद्दल पारितोषिक मिळाल्याचे जे चिन्ह संकेतस्थळावर मिरवत होते, तेही तिने घरीच घडविले होते, असे कॅनडा व ऑस्ट्रेलियाच्या आयुक्तांच्या संयुक्त चौकशीत निष्पन्न झाले.

मग शिक्षा काय झाली? मुख्याधिकारी त्याच ऑगस्टमध्ये पायउतार झाले. २०१६ मध्ये मूळ कंपनीने नाव बदलले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत १ कोटी ७५ लाख डॉलरांचा आकडा ठरला. पण कंपनीची ऐपत नाही म्हणून आयोग व राज्ये मिळून सुमारे १६ लाखांवर भागले. २०१७ मध्ये ग्राहकांचे दावे १ कोटी १२ लाख डॉलरांवर मिटले. दुकान आजही चालू आहे.

याचे मर्म मिसुरीतील न्यायालयाच्या एका आदेशात सापडते. फसवले गेलेल्या काही ग्राहकांनी टोपणनावाने दावा चालविण्याची परवानगी मागितली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. न्यायाचे कामकाज उघड्यावर चालावे हे तत्त्व योग्यच. पण ज्याची अब्रू गेली त्याने भरपाईसाठी ती पुन्हा स्वतःच्या सहीने वेशीवर टांगावी, असा त्याचा अर्थ झाला. ग्राहकांची लाज हेच या कंपनीचे भांडवल होते. वही फुटल्यावर तीच लाज तिची ढाल झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारा ग्राहक मिळाला, तर कोणता व्यापारी बुडेल? यादीत नाव सापडलेल्यांना खंडणीची पत्रे गेली, त्यांचे संसार मोडले. त्याचा जमाखर्च कोणत्याच ताळेबंदात नाही.

‘परदेशातल्या छचोरांची गोष्ट’ म्हणून आपण हात झटकू नयेत. आपल्या वधूवर सूचक संकेतस्थळांवर मुलीचे छायाचित्र, पत्रिका, गोत्र, पगार, पहिले लग्न मोडले असल्यास तेही, सारे आईबाप विश्वासाने भरून देतात. त्यात कसलाही दोष नाही. तरीही ही माहिती फुटली आणि गावभर झाली, तर किती आईबाप कोर्टाची पायरी चढतील? संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. सुरक्षेत हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. मात्र तो जमा व्हायचा सरकारी तिजोरीत. जिचे स्थळ मोडले, तिला भरपाई देण्याची सोय त्या कायद्यात नाही. ती करावी, आणि अशा तक्रारीत फिर्यादीचे नाव गुप्त ठेवण्याची हमीही द्यावी. गोव्याच्या खासदारांनी हा विषय संसदेत काढण्यास काय हरकत आहे?