आधी जागा भरा म्हणणाऱ्यांना

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादला पाण्याचा विषय काढला की गोदावरीवरचा बाभळी बंधारा येतोच. २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खालच्या तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणासाठी सोडायचं, देखरेखीला त्रिसदस्यीय समिती. अवघ्या २.७४ टीएमसीसाठी आंध्र प्रदेशाशी वाद एवढा पेटला होता की २०१० च्या आंदोलनाच्या खटल्यात २०१८ साली इथल्या न्यायालयानं चंद्राबाबू नायडूंवर, आंध्र प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदी असताना, वॉरंट काढलं. पाणी किती, याचा हिशेब झाला. ते कसं आहे? नांदेड शहर वरच्या अंगाला, तिथलं सांडपाणी गोदावरीत येतं, आणि दरवाजे पडले की हेच पाणी अडतं. निकालाचा तो विषय नव्हता, मान्य. पण मग तो विषय कुणाचा?

तो कुणाचा तरी व्हावा म्हणून, पर्यावरणातून येणाऱ्या आजारांचा माग काढायला नव्या दमाच्या तरुणांना सरकारनं फेलोशिप द्यावी आणि त्यांना तालुक्याच्या गावी बसवावं, असं माझं म्हणणं आहे. ते मांडलं की पहिलं उत्तर ठरलेलं: आधी रिकाम्या जागा भरा, आणखी कंत्राटी पोरं कशाला?

आक्षेप खरा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी माणसांची फरपट सगळ्यांना ठाऊक आहे. जागा भरायलाच हव्यात. पण या कामाची जागा तालुक्यात मंजूर तरी आहे का? गावात जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाकतो. पिवळं झालं की क्लोरीन आहे, नाही झालं की टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं, पोतं उघडं राहून ती उतरलीय का ते बघायचं. नमुना भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जातो, ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. किनवटकडे फ्लोराईड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याची नोंद प्रयोगशाळेत राहते, आणि शाळेतल्या पोरांचे डागाळलेले दात आरोग्य तपासणीच्या रजिस्टरात. कारखान्याचं सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, फवारणीची विषबाधा कृषी खात्याकडे. हे कागद शेजारी ठेवून वाचणारा माणूस कुणाच्याच आस्थापनेवर नाही. त्याला आधी तयार करावा लागेल, तेव्हा कुठे त्याच्या नावानं जागा मागता येईल.

‘डॉक्टर आहेत की!’ आहेत, आणि आलेल्या रोग्याला ते तपासतात. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत कोण कोणती औषधं एकत्र करून मारतंय, हे बांधावर जाऊन आधी विचारणं डॉक्टरच्या ओपीडीत बसत नाही. इथे धर्माबादच्या मिरचीचंच घ्या. देठ खुडणाऱ्या बाया पदर नाकाला बांधून दिवसभर ठसक्यात बसतात, घरी लेकराला घ्यायच्या आधी हाताला तेल चोळतात. दवाखान्यात त्यांची नोंद होते ‘सर्दी-खोकला’.

मग शेवटचा टोमणा: मुख्यमंत्री फेलोशिपनं काय दिवे लावले? २०१५ ला सुरू झाली, मध्ये बंद पडली, २०२३ ला पुन्हा आली. साठ फेलो, वय २१ ते २६, मुदत एक वर्ष. कोणत्या टेबलावर कोण बसतं हे कळेपर्यंत वर्ष सरतं. टोमणा तेवढ्यापुरता रास्त. पण यात चूक मुदतीची आहे. मुदत पुरेशी असली की काय होतं, ते बघा. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रानं २०१२ ला साथरोग तपासाचं दोन वर्षांचं प्रशिक्षण सुरू केलं. बिहारात मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात पहाटे झटके येऊन मुलं दगावत. वर्षानुवर्षं मेंदूज्वराचा संशय होता. या केंद्राच्या तपासात त्या प्रशिक्षणातले अधिकारीही होते. लेकरानं आदल्या रात्री काय खाल्लं, हा प्रश्न त्यांनी आईबापांना विचारला. लिची भरपूर आणि रात्रीचं जेवण नाही, म्हणून रक्तातली साखर घसरते, हे २०१७ ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आलं. उपाय म्हणजे रात्री जेवू घाला आणि दवाखान्यात आल्याबरोबर साखर तपासा. त्याला कुठलं मोठं यंत्र लागत नाही.

पैशाचं रडगाणंही नको. २०२५-२६ ला मुख्यमंत्री फेलोला महिना ६१,५०० रुपये ठरले. साठ जणांचं वर्षाचं विद्यावेतन साडेचार कोटींच्या आत बसतं. तेवढ्यात साठ तालुक्यांना माणूस मिळतो. फक्त मुदत तीन वर्षांची करा. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातून पर्यावरणशास्त्र शिकलेली, नर्सिंग, बीएएमएस, कृषी पदवी घेतलेली मुलं घ्या. तेलंगणाच्या सीमेवर तेलुगू येणाऱ्याला झुकतं माप द्या. सगळी रजिस्टरं बघायचा लेखी अधिकार द्या आणि पुढे सरकारी भरतीत या तीन वर्षांचे गुण धरा.

एक अट मात्र सोडायची नाही. असा फेलो नीट काम करू लागला की पहिली अडचण कारखानदाराची आणि नगरपालिकेची होणार, आणि फोन जिल्ह्याला जाणार. म्हणून त्याची मुदतवाढ जिल्ह्याच्या हाती नको. त्याचा अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचला जावा, आणि वाचण्याआधी तो कोणत्याही टेबलावर मंजुरीला जाऊ नये.