भुताच्या घरात दोन शब्द



गेल्या महिन्यात मुलीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुम्ही त्याला एकदा सांगा. भुताखेताचे गेम खेळत बसतो आणि रात्री दिवा चालू ठेवून झोपतो." नातू नववीत आहे. सांगण्याचे काम मी हयातभर केले, त्यामुळे वाक्ये जिभेवर तयारच होती. पण ज्याची तोंडओळखही नाही त्यावर बोलायचे कसे? म्हणून नातवालाच विचारले, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला झेपेल असा एखादा सांग. त्याने 'मिस्ट्री हाउस' नावाच्या खेळाचा दुवा पाठवला. "आबा, हा तुमच्या जमान्यातला आहे," म्हणाला.

खरेच आहे. खेळ १९८० सालचा. रोबर्टा विल्यम्स या अमेरिकेतल्या बाईंनी गोष्ट रचली आणि चित्रे काढली, नवरा केन याने ॲपल टू संगणकासाठी प्रोग्राम लिहिला. चित्रे असलेला हा पहिला साहसखेळ मानतात. चित्रे म्हणजे काळ्या पडद्यावर रेघोट्या. आमच्या पाचवीच्या मुलांनी याहून बरी काढली असती. १९८७ साली कंपनीने तो सर्वांसाठी मोफत खुला केला.

एक जुने ओसाड घर. आत गेलात की मागे दार बंद. दिवाणखान्यात सात माणसे आणि घरात कुठेतरी दडवलेले दागिने. मग एकेक माणूस मेलेला सापडू लागतो. ॲगाथा ख्रिस्ती वाचलेल्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. आपण फक्त दोन इंग्रजी शब्द टाइप करायचे, आधी क्रियापद, मग नाम. 'ओपन डोअर', 'टेक नोट'. आज्ञार्थ शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हे सोपे वाटेल की नाही? छे! योग्य क्रियापद सापडेपर्यंत ते घर ढिम्म हलत नाही. मी चार संध्याकाळी वहीत खोल्यांचा नकाशा काढत बसलो होतो. काही ठिकाणी तर कोडे नव्हे, लेखिकेच्या मनातला शब्द ओळखायचा असतो. तो मला अन्यायच वाटला.

पण सांगायचे ते वेगळे. खेळात काही वेळाने अंधार पडतो. मेणबत्ती आणि काडेपेटी आधी शोधून ठेवली नसेल तर काही दिसत नाही. तिसऱ्या रात्री तसे झाले आणि मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, उठून व्हरांड्यातला दिवा लावून आलो. ही गेल्यापासून घरात मी एकटाच असतो. त्या रेघोट्यांना मी भ्यालो. आणि खरे सांगतो, मजा आली.

तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. १९८४-८५ असेल. सातवीच्या एका मुलाच्या दप्तरात मला नारायण धारपांची कादंबरी सापडली. मी सर्वांसमोर त्याला छडी दिली आणि पुस्तक फाडले. ते वाचनालयाचे निघाले. भरपाई त्याच्या वडिलांनी केली, ते रोजंदारीवर जात. मुलगा पुढे दहावीपर्यंत माझ्यासमोर होता. अवांतर पुस्तक त्याच्या हातात मला पुन्हा दिसले नाही. वळण लावल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकतो.

काय वाईट होते त्या पुस्तकात? आमच्या लोणारच्या सरोवराची गोष्ट घ्या. जमिनीखाली लवणासुर लपलेला, विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. ही गोष्ट आम्ही लहान मुलांना दैत्यसूदन मंदिरात नेऊन सांगतो. ते संस्कार आणि धारप म्हणजे वाया जाणे? भीती तीच. फक्त ती पोराने स्वतः निवडलेली असली की आपल्याला खुपते.

मला खटकतात ते दुसरे खेळ, ज्यांना शेवटच नसतो. शिकवणीवरून आलेला शेजारचा मुलगा जेवतानाही नुसते बोट फिरवत असतो आणि कुठे पोचत नाही. 'मिस्ट्री हाउस' संपतो. कोण मारतो ते कळते, दार उघडते, आपण बाहेर पडतो. घाबरायचे, विचार करायचा, नकाशा काढायचा आणि संपवायचे. नववीतल्या मुलाने महिन्यातून दोनदा हे केले तर मला तरी काही गैर वाटत नाही. दिवा लावून झोपतो तर झोपू द्या, विजेचे बिल मी देईन.

हे मुलीला फोनवर सांगितले. ती चिडली. "तुम्हाला समजवायला सांगितलं होतं, तुम्ही त्याच्याच बाजूचे झालात." तिचेही चूक नाही, सकाळी सातच्या शाळेसाठी त्याला तीच उठवते. शेवटी खेळ शनिवारी रात्रीच, असे ठरले. नातू नाखुशीनेच कबूल झाला.

परवा त्याचा फोन आला होता. "आबा, मेणबत्ती सापडली का तुम्हाला?" मी म्हटले, सापडली, पण कुठे ते सांगणार नाही.