बागेचे साधारण खाते

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दिवसाचा मोकळा वेळ पहाटेच्या दोन-अडीच तासांपुरताच उरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, दहा वाजता रस्ते ओस पडू लागतात आणि दुकानदाराला दुपारभर गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते. म्हणून पहाटे साडेपाचला आझाद बगीच्याकडे वळणारी पावले, जटपुरा दरवाज्याच्या आसपास दिसणारे फिरस्ते, रामाळा तलावाच्या काठी वाऱ्याची झुळूक शोधणारे वृद्ध, ही दृश्ये या शहराला विरंगुळ्याहून अधिक काही सांगतात. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक विद्युत केंद्र यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या शहराला सावली ही चैन नसून गरज आहे.

या गरजेची व्यवस्था कोणत्या पैशातून होते, हा प्रश्न मात्र फिरायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येतो. बागेत नवी घसरगुंडी बसली, कारंजे सुरू झाले, रंगीत दिवे लागले की समाधान वाटते. दोन वर्षांनी कारंजे कोरडे पडते, घसरगुंडीचा पत्रा फाटतो, तेव्हा नाराजी व्यक्त होते. या दोन अवस्थांच्या मधोमध अंदाजपत्रक नावाची एक वही असते. ज्यांच्या घरात रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली, त्या व्यापारी कुटुंबांना ही वही वाचणे अवघड जाऊ नये.

चंद्रपूरची नगरपालिका जुनी. महानगरपालिका मात्र २०११ सालची. त्या वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे तीन लाख वीस हजार होती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्यानुसार तिचा कारभार चालतो. या कायद्यात महानगरपालिकेच्या कर्तव्यांचे दोन गट आहेत. कलम ६३ मधील कर्तव्ये बंधनकारक. पाणी, सांडपाणी, रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई ही त्यातली. कलम ६६ मधील कर्तव्ये स्वेच्छाधीन, आणि सार्वजनिक उद्याने या दुसऱ्या गटात मोडतात. घरखर्चाच्या भाषेत सांगायचे तर किराणा, वीजबिल आणि मुलांची फी आधी. उरले तर बाग. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा उल्लेख झाला खरा. पण उल्लेखाबरोबर पैसा आपोआप येत नाही.

अंदाजपत्रकाचा प्रवास हिवाळ्यात सुरू होतो. प्रत्येक विभाग आपल्या मागण्या लेखा विभागाकडे पाठवतो. आयुक्त त्यावरून जमाखर्चाचा अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे मांडतात. पुढील वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. स्थायी समिती आपल्या दुरुस्त्यांसह अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेकडे पाठवते आणि सभेच्या मंजुरीनंतर १ एप्रिलपासून नवे वर्ष सुरू होते. २०२२ मध्ये चंद्रपूरच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबल्याने प्रशासकाचा कारभार आला. त्या काळात समिती आणि सभा या दोहोंचे अधिकार एकाच खुर्चीत एकवटले. वॉर्डातील बागेची तक्रार घेऊन ज्याच्या दाराशी जावे असा लोकप्रतिनिधीच राहिला नाही. जानेवारी २०२६ मधील निवडणुकीने ते दार पुन्हा उघडले आहे.

आता जमेची बाजू. व्यापाऱ्यांना हा इतिहास अंगावर झेलून ठाऊक आहे. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महानगरपालिका झाल्यावर स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध २०१३ मध्ये राज्यभरच्या बाजारपेठा बंद राहिल्या. ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांची त्यातून सुटका झाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तो पूर्णपणे संपला. त्याच्या बदल्यात राज्य सरकार महानगरपालिकांना नुकसानभरपाई देते. नाक्यावर किंवा विवरणपत्रातून थेट जाणारा पैसा आता मुंबईमार्गे परत येतो. दुकानदाराची कटकट मिटली, ही मोठीच सोय. पण शहराची तिजोरी मात्र वरून येणाऱ्या हप्त्यावर अधिक अवलंबून झाली. स्वतःच्या हक्काचे असे प्रमुख उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर. त्याच्या बिलात वृक्ष कराची एक छोटी ओळ असते. झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ मध्ये झालेल्या कायद्यात तिचे मूळ आहे. बिल भरताना या ओळीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

आपल्या उत्पन्नातून पगार, निवृत्तिवेतन, वीज आणि पाणी यांचा खर्च भागवल्यावर मोठ्या कामांसाठी फारसे उरत नाही. म्हणून बागेची सुधारणा बहुधा अनुदानावर होते. जून २०१५ मध्ये केंद्राने अमृत अभियान सुरू केले आणि चंद्रपूरचा त्यात समावेश झाला. अभियानाचा मुख्य भर पाणी आणि सांडपाणी यांवर होता. हरित जागा आणि उद्याने यांसाठी जास्तीत जास्त अडीच टक्क्यांची मर्यादा होती. दहा लाखांपर्यंतच्या लोकसंख्येच्या शहरांना केंद्राकडून निम्मा खर्च मिळे. बाकीचा राज्य आणि शहर यांनी उचलायचा. याखेरीज राज्याचे नगरोत्थान अभियान, जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि खाणींच्या जिल्ह्याला मिळणारा खनिज प्रतिष्ठानचा निधी असे स्रोत असतात. पंधराव्या वित्त आयोगाने चंद्रपूरसारख्या शहरांच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला. उरलेला मोकळा भागही पगारावर खर्च करण्यास मनाई केली.

या सर्व पैशांचा स्वभाव एकच आहे. तो बांधण्यासाठी मिळतो, सांभाळण्यासाठी मिळत नाही. हिशेबाच्या भाषेत पहिला भांडवली खर्च, दुसरा महसुली. बागेचे खरे दुखणे याच फटीत दडले आहे.

एक उदाहरण कल्पून पाहावे. एका मध्यम बागेच्या सुधारणेला पन्नास लाख रुपये अनुदान मिळाले. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, ई-निविदा, कार्यादेश असे टप्पे पार पडले. मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या, कंत्राटदाराचे देयक निघाले, फीत कापली गेली. आता दुसऱ्या दिवसापासून दोन माळी आणि एक चौकीदार लागणार. प्रत्येकी महिना पंधरा हजार धरले तर वर्षाला पाच लाख चाळीस हजार. वीज आणि पाण्याला महिना दहा हजार, म्हणजे एक लाख वीस हजार. रोपे, खत, किरकोळ दुरुस्ती यांना एक लाख. एकूण सात लाख साठ हजार. सात वर्षांत ही रक्कम बांधकामाच्या पन्नास लाखांना ओलांडून जाते. बांधकामाचा आकडा बातमीत येतो. हा दुसरा आकडा मात्र अंदाजपत्रकाच्या आतल्या पानात दरवर्षी थोडा थोडा कापला जातो. दोन माळ्यांचा एक होतो, मग एक माळी तीन बागांना मिळून पुरतो, आणि शेवटी नव्या सुधारणेचा प्रस्ताव तयार होतो.

मंदिराच्या पेढीवर बसलेल्या कोणत्याही विश्वस्ताला हे दुखणे परके वाटणार नाही. देवद्रव्याची रक्कम देवद्रव्यातच राहते, जीवदयेची जीवदयेत. एका खात्याचा पैसा दुसऱ्यात वळवता येत नाही. चढाव्याच्या बोलीला उत्साह असतो, प्रतिष्ठेच्या प्रसंगी हात सैल होतो. पण पुजाऱ्याचा पगार, झाडलोट, दिव्याचे बिल ज्यातून द्यायचे ते साधारण खाते बहुतेक ठिकाणी तोट्यात असते. जाणत्या पेढ्यांनी यावर कायम तिथीचा मार्ग शोधला. मूळ रक्कम अबाधित ठेवून व्याजातून नित्याचा खर्च चालवायचा. महानगरपालिकेच्या बागेला नेमके हेच साधारण खाते नाही.

जगातही या प्रश्नाशी अनेक शहरे झुंजली आहेत. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध सेंट्रल पार्क १९७० च्या दशकात पालिकेच्या आर्थिक ओढाताणीमुळे उजाड झाले होते. १९८० मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. मालकी शहराचीच राहिली, पण देखभालीचा मोठा भार त्या संस्थेने देणग्यांतून उचलला. बागेचे विभाग पाडून प्रत्येक विभागाची जबाबदारी ठरावीक माळ्याकडे दिली गेली. मुंबईचा अनुभव दुसरी बाजू दाखवतो. जानेवारी २०१६ मध्ये तेथील महानगरपालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले. मैदाने खाजगी हातांत जाऊन सामान्यांना दारे बंद होतील, या भीतीने नागरिकांनी विरोध केला आणि धोरण स्थगित करावे लागले. दान घ्यावे, पण फाटकाची किल्ली लोकांकडेच राहावी, असा धडा या दोन उदाहरणांतून मिळतो.

चंद्रपूरला तर घरचेच उदाहरण आहे. मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गोंडकालीन किल्ल्याच्या तटाची स्वच्छता हाती घेतली आणि शेकडो दिवस रोज सकाळी श्रमदान केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये रामाळा तलावाच्या संवर्धनासाठी संस्थेचे बंडू धोतरे यांनी अन्नत्याग सत्याग्रह केला. एखादी जागा मोठ्या रकमेने एकदा सुधारते, पण रोजच्या हाताने टिकते, हे किल्ल्याच्या तटाने दाखवून दिले. शहराच्या खर्चाच्या यादीत एखादा विषय वर यावा यासाठी नागरिकांना किती आग्रह धरावा लागतो, हे तलावाने दाखवले.

असा आग्रह धरण्यासाठी उपोषणच हवे असे नाही. योग्य वेळी विचारलेला योग्य प्रश्नही पुरतो. अंदाजपत्रकात प्रत्येक शीर्षापुढे मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद अशा रकमा असतात. उद्यान शीर्षापुढे तरतूद मोठी आणि प्रत्यक्ष खर्च लहान दिसला, तर ती तरतूद केवळ कागदावरची आहे हे व्यापारी नजरेला क्षणात कळेल. नवे काम सुचवताना त्याच्या पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा आकडा सोबत जोडला आहे का, हे विचारता येईल. कंत्राटदाराच्या दोष दायित्वाची मुदत संपण्यापूर्वी बागेची पाहणी झाली का, हेही विचारता येईल. हे प्रश्न मार्चमध्ये सभेच्या दिवशी विचारून उपयोग नाही. विभागांच्या मागण्या तयार होतात त्या डिसेंबर-जानेवारीत ते नगरसेवकापर्यंत पोहोचले पाहिजेत.

दुसरी गोष्ट लेआउटमधील खुल्या जागांची. मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा मोकळी सोडण्याचा नियम आहे. वस्ती वाढते, पण ही ‘ओपन स्पेस’ अनेकदा झुडपे आणि कचरा यांच्या ताब्यात जाते. विकास आराखड्यात बागेसाठी राखलेल्या जमिनीचेही तसेच. दहा वर्षांत ती संपादित झाली नाही, तर प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. मालकाच्या दृष्टीने हा न्याय आहे, कारण बिनमोबदला अडकलेली जमीन किती वर्षे सांभाळायची? पण ज्या अंदाजपत्रकात भूसंपादनासाठी रक्कम ठेवली जात नाही, ते अंदाजपत्रक न बोलता एक बाग कायमची गमावते. अशा जमिनीचे मालक आणि अशा बागेची वाट पाहणारी मुले कधी कधी एकाच घरात असतात, एवढी ही गोष्ट जवळची आहे.

तिसरी गोष्ट दानाची. आईवडिलांच्या स्मरणार्थ बागेत बाक देण्याची चाल चांगली आहे. पण बाकासोबत त्याच्या रंगरंगोटीची आणि शेजारच्या झाडाच्या पाण्याची कायम तिथी ठेवली, तर त्या स्मृतीचे मोल अधिक टिकेल. एका बाजारपेठेतील दहा-बारा दुकानांनी मिळून, महानगरपालिकेशी लेखी करार करून, एका माळ्याचा वर्षाचा पगार उचलला, तरी एका बागेचा उन्हाळा निभावून जाईल. त्या माळ्याच्या नावाची पाटी लागणार नाही, देणाऱ्यांच्या नावाचीही कदाचित नाही. साधारण खात्यात टाकलेल्या रकमेची बोली कधीच लागत नाही.

येत्या मे महिन्यात पहाटे बागेत जाणाऱ्याने नळाची तोटी एकदा फिरवून पाहावी. पाणी आले, तर आतल्या पानावरची ती लहान रक्कम यंदा कापली गेली नाही असे समजावे. नाही आले, तर डिसेंबरमध्ये कोणता प्रश्न विचारायचा हे त्या कोरड्या तोटीनेच सांगितलेले असेल.